एक्स्पायर झालेल्या डोमेनवर जाहिरातींचं उत्पन्न: घ्यावीत का अशी नावं?

इंदूरच्या सुदामानगरातून एका मुलाने विचारलं आहे: "काका, माझं बी.कॉम. झालं आहे, वर्डप्रेसवर साइट बनवता येते. मुदत संपलेली डोमेनं लिलावात घेऊन पार्क केली की जाहिराती आपोआप लागतात आणि दर महिन्याला पैसे येतात, असं व्हिडिओत पाहिलं. आत्तेभाऊ पन्नास हजार द्यायला तयार आहे. चाळीस नावांची यादी काढली आहे. घेऊ का?" यादीही सोबत आली आहे.

उत्तर आधी देतो, कारणं नंतर. चाळीस घेऊ नकोस, आणि पार्क करायला तर एकही घेऊ नकोस. तुझ्या यादीतली दोन नावं तपासण्यासारखी आहेत, त्यांचं पुढे बोलू. पैसे घरातल्या माणसाचे आहेत म्हणून नीट बैजवार लिहितो, म्हणजे तुला हे त्यालाही वाचून दाखवता येईल.

पार्किंगचं काम असं चालतं. डोमेनचे नेमसर्व्हर, म्हणजे ते नाव कोणत्या संगणकावर उघडायचं हे सांगणारी नोंद, पार्किंग कंपनीकडे वळवायचे. मग त्या पत्त्यावर कोणी आलं की त्याला एक ठरावीक पान दिसतं: वर डोमेनचं नाव, खाली गृहकर्ज, हॉटेल बुकिंग, विमा असे पाच-सात दुवे. त्यातल्या एकावर क्लिक केलं की दुसरं पान उघडतं आणि खऱ्या जाहिराती तिथे असतात. त्यातल्या एखाद्या जाहिरातीवर दुसरा क्लिक पडला तरच पैसे. जाहिरातदार ते गूगलसारख्या जाहिरात कंपनीला देतो, ती आपला वाटा कापून पार्किंग कंपनीला, आणि पार्किंग कंपनी आपला कापून तुला. नुसती जाहिरात दिसली म्हणून इथे काही मिळत नाही.

हा धंदा एकेकाळी खरोखर चालला. मी तो ऑर्कुटच्या काळापासून पाहतो आहे. तेव्हा लोक ब्राउझरच्या पट्टीत सरळ नाव टाइप करत: हवी ती वस्तू, पुढे डॉट कॉम. केमन बेटांवरून काम करणाऱ्या फ्रँक शिलिंगने अशी गळून पडलेली नावं लाखांच्या घरात जमवली आणि त्यावर मोठा व्यवसाय उभारला. त्याच काळात डोमेन टेस्टिंग, म्हणजे नावाची नुसती चव घेऊन बघण्याचा प्रकार बोकाळला होता. नवं नाव नोंदवल्यावर पाच दिवसांत रद्द केलं तर पैसे परत मिळत. लोक लाखो नावं फुकट नोंदवत, पाच दिवस जाहिराती लावून बघत, कमाई दिसली नाही ती टाकून देत. २००८ मध्ये आयकॅनने, म्हणजे जगभरच्या डोमेन नावांचे नियम ठरवणाऱ्या संस्थेने, प्रमाणाबाहेर रद्द केलेल्या नावांवर शुल्क लावलं, २००९ मध्ये धोरण पूर्ण लागू केलं, आणि असं रद्द करण्याचं प्रमाण ९९.७ टक्क्यांनी खाली आलं. तुझ्या व्हिडिओत सांगितलेल्या युक्त्यांपैकी 'आधी ट्राय करून बघा' ही त्या वेळची आहे.

पुढे सवयीच बदलल्या. सप्टेंबर २००८ मध्ये क्रोम आला आणि पत्त्याची पट्टी नि शोधाची पट्टी एकच झाली. नाव अर्धवट टाइप केलं तरी माणूस आता शोधाच्या पानावर जातो, डोमेनवर थेट पडत नाही. मोबाइल आल्यावर तर पत्ता टाइप करणारा माणूसच दुर्मीळ झाला. ॲडसेन्स म्हणजे साइटवर जाहिराती लावून मालकाला वाटा देणारी गूगलची सेवा. गूगलने तिचा पार्क केलेल्या नावांसाठीचा प्रकार, 'ॲडसेन्स फॉर डोमेन्स', डिसेंबर २००८ मध्ये साध्या प्रकाशकांसाठी खुलं केलं आणि २०१२ मध्ये ती थेट सोय बंद केली. त्यानंतर गूगलच्या जाहिराती मोठ्या पार्किंग कंपन्यांमार्फत मिळत राहिल्या. मग २०२४ च्या अखेरीपासून मार्च २०२५ पर्यंत टप्प्याटप्प्याने गूगलने जाहिरातदारांची खाती पार्क केलेल्या डोमेनांपासून आपोआप बाहेर काढली. त्यानंतर जाहिरातदाराने स्वतः सेटिंगमध्ये जाऊन होकार दिला तरच त्याची जाहिरात तशा पानावर लागू शकत होती. असा होकार मुद्दाम कोण देणार? जाहिरातदार कमी म्हणजे बोली कमी, आणि बोली कमी म्हणजे क्लिकचा भाव पडला. तुला दाखवलेले कमाईचे स्क्रीनशॉट या तारखेच्या आधीचे की नंतरचे, एवढं एकदा बघ.

आता तुझाच हिशेब मांडू. डॉट कॉमचा घाऊक भाव सप्टेंबर २०२४ मध्ये १०.२६ डॉलर झाला. त्यावर रजिस्ट्रारची, म्हणजे नाव नोंदवून देणाऱ्या कंपनीची, कमाई आणि १८ टक्के जीएसटी. सोयीसाठी नावामागे वर्षाला १,२०० रुपये धर. चाळीस नावांचे ४८,००० झाले, आणि ते दर वर्षी. लिलावात मोजलेली रक्कम वेगळीच. म्हणजे प्रत्येक नावाने महिन्याला १०० रुपये आणले तर नुसतं नूतनीकरण सुटतं. समजा एका नावावर महिन्याला ३०० भेटी दिसल्या. त्यातल्या २५० बॉटच्या, म्हणजे आपोआप चालणाऱ्या प्रोग्रॅमच्या, निघाल्या तर मला नवल वाटणार नाही. उरलेल्या पन्नास माणसांपैकी पाच जणांनी पहिला क्लिक केला, दोघांनी दुसरा, आणि भारतातल्या क्लिकला सगळे वाटे कापून तुझ्या हाती चार-चार रुपये पडले, तर महिन्याचे आठ रुपये. हे आकडे मी उदाहरणाला घेतले आहेत. तू त्यात स्वतःच्या मनाचे आकडे घाल, तिप्पट घाल, चौपट घाल, तरी शंभराला पोचायला काय लागतं ते तुला कागदावर दिसेल.

'पण चांगलं नाव मिळालं तर?' हा तुझा पुढचा प्रश्न असणार. त्यासाठी नाव गळतं कसं ते समजून घ्यायला हवं. डॉट कॉमची मुदत संपली की लगेच ते मोकळं होत नाही. रजिस्ट्रारकडे ४५ दिवसांपर्यंत सवलतीचा काळ असतो, त्यात जुना मालक नेहमीच्या पैशांत किंवा थोड्या दंडासह नूतनीकरण करू शकतो. तेव्हाही त्याने केलं नाही तर ३० दिवसांचा रिडेम्प्शनचा काळ लागतो. त्यातही नाव परत मिळतं, पण शुल्क चांगलंच चढं असतं. मग पाच दिवस 'पेंडिंग डिलीट', त्यात कोणालाच हात लावता येत नाही, आणि मग नाव बाजारात मोकळं होतं. डॉट इनचं चक्रही साधारण याच वळणाचं आहे.

खरी मेख पहिल्याच टप्प्यात आहे. मोठे रजिस्ट्रार सवलतीच्या काळातच नाव स्वतःच्या लिलावात लावतात. ज्या नावाला खरोखर किंमत आहे ते तिथेच उचललं जातं, शेवटच्या गळतीपर्यंत येतच नाही. जे थोडं चांगलं निसटून गळतीपर्यंत येतं, त्याच्यासाठी ड्रॉप-कॅच, म्हणजे गळणारं नाव त्याच क्षणी पकडणाऱ्या कंपन्या टपून असतात. त्यांच्याकडे शेकडो रजिस्ट्रार-मान्यता असतात आणि प्रत्येक मान्यतेमागे रजिस्ट्रीवर, म्हणजे सगळ्या डॉट कॉम नावांच्या मूळ नोंदवहीवर, विनंती टाकायचा वेगळा हक्क असतो. डॉट कॉमची गळती अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर दुपारी होते, आपल्याकडे मध्यरात्रीच्या आगेमागे. तू सराफ्यात गराडू खाऊन घरी येऊन लॅपटॉप उघडेपर्यंत त्या दिवसाची कामाची नावं काही सेकंदांत गेलेली असतात. तुझ्या यादीतली बरीच नावं दोन-दोन महिने मोकळी पडून आहेत. ज्यांचा हाच धंदा आहे त्यांनी ती पाहून सोडली आहेत, हे ध्यानात घे.

यादी मी वाचली. सात-आठ नावं कोणत्या ना कोणत्या प्रसिद्ध ब्रँडची चुकीची स्पेलिंगं आहेत, एकात तर मोठ्या बँकेच्या नावातलं एक अक्षर गाळलं आहे. ती आजच पुसून टाक. सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये सत्यम इन्फोवे विरुद्ध सिफीनेट या खटल्यात स्पष्ट केलं की डोमेन नावाला ट्रेडमार्कसारखंच संरक्षण मिळू शकतं. कोर्टात न जाता डोमेनचा वाद सोडवायची पद्धत म्हणून डॉट कॉमसाठी १९९९ पासून यूडीआरपी आहे, डॉट इनसाठी आयएनडीआरपी. कंपनीला ढोबळमानाने तीन गोष्टी दाखवाव्या लागतात: नाव आमच्या नावाशी फसवं साधर्म्य असलेलं आहे, याचा त्या नावावर काही रास्त हक्क नाही, आणि हेतू वाईट आहे. तुझ्या पार्क केलेल्या पानावर त्याच बँकेच्या प्रतिस्पर्ध्यांच्या कर्जाच्या जाहिराती लागल्या की तिसरी गोष्ट तुझं पानच सिद्ध करून देतं. 'जाहिराती पार्किंग कंपनीने लावल्या, मी नाही' हा बचाव सहसा चालत नाही. आणि बँकेच्या नावाशी खेळ करणारा माणूस पोलिसांना फिशिंगवाला वाटला, तर ते समजावून सांगत बसायची वेळ तुझ्यावर येऊ नये.

यादीत भंवरकुआंच्या एका बंद पडलेल्या कोचिंग क्लासचं नाव आहे, क्लॉथ मार्केटमधल्या एका पेढीचं आहे, आणि एका मराठी संस्थेचंही आहे. या शेवटच्यावर मी थांबलो.

आपल्याकडच्या अशाच एका शाळेचं उदाहरण जवळून पाहिलं आहे. डोमेन जुन्या कार्यवाहांच्या ईमेलवर नोंदवलेलं होतं. ते पद सोडून मुलाकडे पुण्याला गेले, नूतनीकरणाच्या सूचना त्या पेटीत येत राहिल्या आणि कोणी वाचल्या नाहीत. मुदत संपली, सवलतीचे दिवस संपले, रिडेम्प्शन संपलं. कोणीतरी नाव पकडलं. एका पालकाने प्रवेशाची माहिती बघायला म्हणून साइट उघडली, तर शाळेच्या नावाखाली सट्ट्याच्या जाहिराती. प्रवेशपुस्तिकेवर, बसच्या पाठीवर, ओळखपत्रांवर तोच पत्ता छापलेला. मुलांनी घरी फोनवर तो उघडला असेल तर काय दिसलं असेल, या विचाराने मुख्याध्यापिकाबाई रडकुंडीला आल्या होत्या. मला त्या दिवसापासून हा धंदा नुसता आकड्यांत बघता येत नाही. ज्याने ते नाव घेतलं त्याला त्यातून कदाचित शे-दोनशे रुपये मिळाले असतील.

तेव्हा त्या संस्थेचं नाव अजून रिडेम्प्शनमध्ये असेल तर पदाधिकाऱ्यांना आजच फोन कर, त्यांना अजून ते सोडवता येईल. मोकळं झालं असेल तर तू नोंदव आणि झालेल्या खर्चात त्यांच्या नावावर करून दे. वर एक रुपया मागू नकोस. जुन्या मालकाकडे चढी किंमत मागणं हा वाईट हेतूचा पुरावा धरतात, ही कायद्याची बाजू झाली. पण इंदूरसारख्या शहरात, जिथे मराठी संस्था लोकांनी वर्गणी काढून उभ्या केल्या, तिथे हे काम असं करायचं नसतं, ही माझी बाजू.

सट्ट्याचा विषय निघालाच आहे तर: अशी जुनी, विश्वासाची डोमेनं बेटिंगवाल्यांना भाड्याने द्या, असं सांगणारेही तुला भेटतील. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा जो कायदा मंजूर केला त्यात पैसे लावून खेळायच्या खेळांची जाहिरात करणाऱ्यालाही शिक्षा आहे. त्या वाटेला जायचंच नाही.

दुसरा सल्ला तुला असा मिळेल: पार्किंग गेलं तर गेलं, जुन्या डोमेनला गूगलमध्ये वजन असतं, त्यावर एआयने लिहिलेले दोनशे लेख टाक आणि ॲडसेन्स लाव. काही वर्षं हे चाललं. मार्च २०२४ मध्ये गूगलने आपल्या स्पॅम धोरणात एक्स्पायर झालेल्या डोमेनचा गैरवापर हा स्वतंत्र गुन्हा म्हणून घातला, आणि ढिगाने तयार केलेल्या मजकुराचाही. पूर्वी वैद्यकीय माहिती देणाऱ्या संस्थेचं नाव घेऊन त्यावर कॅसिनोची पानं टाकणं हे पहिल्याचं सरळ उदाहरण. पण त्याच धोरणात हेही म्हटलं आहे की वाचकांसाठी बनवलेली नवी, अस्सल साइट जुन्या नावावर चालवायला हरकत नाही. माझ्या मते या सगळ्या धंद्यात आता एवढीच एक वाट शिल्लक आहे, आणि ती जाहिरातींपेक्षा लिखाणाची आहे.

बंद पडलेल्या दुकानाची जागा घेताना आपण चौकशी करतो की जुनं गिऱ्हाईक अजून येतं का, आणि काय मागायला येतं. इथेही तेच. नावावर अजून माणसं येतात का, कुठून येतात, काय शोधत येतात? याचं उत्तर मिळेपर्यंत ॲडसेन्सचा विचार करायचं कारण नाही.

चौकशी कशी करायची ते सांगतो. पहिलं काम वेबॅक मशीन, म्हणजे साइटची जुनी पानं जपून ठेवणारं संकेतस्थळ. नाव टाकून वर्षांची पट्टी बघ आणि प्रत्येक वर्षातलं एखादं पान उघड. एका नावाचं मी नुकतंच असं पाहिलं: सुरुवातीची काही वर्षं होमिओपॅथीच्या डॉक्टरांची साधी साइट, दवाखान्याच्या वेळा, फोटो. मग वर्षभर काही नाही. मग अचानक चिनी मजकूर. मग बुटांच्या बनावट दुकानाची पानं. मग पार्किंग. लिलावात या नावाचं वय आणि दुव्यांची संख्या झळकत होती, पण मधल्या काळातला कचरा कोणी सांगत नव्हतं. असा खंड आणि अशी उडी दिसली की नाव सोडायचं, फार विचार करायचा नाही.

दुसरं, दुवे, म्हणजे इतर साइटवरून या नावाकडे येणारे. अहरेफ्स किंवा मॅजेस्टिकसारख्या साधनात संख्या बघू नकोस, दुव्यांचे शब्द वाच. नाव बागकामाचं आणि दुव्यांचे शब्द औषधांचे किंवा जुगाराचे, तर ते नाव कोणीतरी आधीच पिळून टाकलं आहे. एखाद्या वर्तमानपत्राच्या किंवा विद्यापीठाच्या पानावरून आलेला एक खरा दुवा शेकडो निर्देशिकांपेक्षा मोलाचा. नाव धोकादायक ठरलं आहे का हे सांगणारं गूगलचं सेफ ब्राउझिंगचं पान आणि स्पॅम पाठवणाऱ्यांची स्पॅमहाउसची यादी तपासायला दोन मिनिटं लागतात. ट्रेडमार्कचा शोध सरकारी संकेतस्थळावर फुकट होतो. नाव घेतल्यावर सर्च कन्सोल या साइटमालकांसाठीच्या गूगलच्या साधनात मालकी सिद्ध कर आणि 'मॅन्युअल ॲक्शन', म्हणजे गूगलने साइटवर केलेली कारवाई, बघ. आधीच्या मालकाच्या वेळी लागलेली कारवाई नावाबरोबर तशीच तुझ्याकडे येते. जुन्या मालकाने मालकी सिद्ध करायला ठेवलेले पडताळणीचे टोकन राहिले असतील तर तेही काढून टाक.

तिसरं काम बहुतेक लोक करत नाहीत आणि तेच सगळ्यात बोलकं आहे. नाव पार्क न करता तुझ्या साध्या होस्टिंगवर वळव, कोरं पान ठेव, आणि दोन-तीन आठवडे सर्व्हरचा कच्चा लॉग, म्हणजे आलेल्या प्रत्येक मागणीची नोंदवही, वाच. ॲनालिटिक्सचा आलेख नको, लॉग. एकेका ओळीत वेळ, आयपी (येणाऱ्याचा इंटरनेटवरचा पत्ता), मागितलेलं पान, कुठून आला आणि कोणता ब्राउझर हे असतं. पहिल्याच तासात तुला वर्डप्रेसच्या लॉगिन पानाची मागणी पुन्हा पुन्हा दिसेल, साइटवर वर्डप्रेस नसतानाही. ते पासवर्ड फोडणारे बॉट. मग शोधयंत्रांचे बॉट, साइट शोधात वर आणून देणाऱ्या एसईओ कंपन्यांचे बॉट, आणि ब्राउझरचं खोटं नाव सांगणारे काही. हे सगळे पार्किंगच्या पानावर 'भेटी' म्हणून मोजले जातात. माणूस बहुधा वेगळा ओळखू येतो: पान मागितल्यावर त्याचा ब्राउझर लगेच फेव्हिकॉनही (टॅबवरचं छोटं चिन्ह) मागतो, मोबाइल कंपनीचा आयपी असतो, एखाद्या जुन्या लेखातल्या दुव्यावरून आलेला असतो. आणि तो मुखपृष्ठ मागत नाही, ठरावीक आतलं पान मागतो. ती आतल्या पानांची यादी हीच त्या डोमेनची मालमत्ता.

माझ्या ओळखीच्या एका बाईंनी गच्चीवरच्या बागेविषयीचं एक जुनं नाव घेतलं होतं. लॉगमध्ये लोक पुन्हा पुन्हा एकाच पानावर येऊन रिकाम्या हाताने जात होते: कुंडीतल्या लिंबाला फळ का धरत नाही. बाई स्वतः वर्षानुवर्षं कुंडीत लिंबू लावतात. त्यांनी त्याच पत्त्यावर, स्वतःच्या शब्दांत, स्वतःच्या कुंड्यांचे फोटो घालून तो विषय लिहिला. काळ्या मातीत पाणी कसं साठून राहतं, एप्रिल-मेच्या उन्हात फुलं का गळतात, सगळं. मग पुढचं पान. जुना लेख वेबॅकमधून उचलून डकवला नाही, कारण डोमेन विकत घेतलं म्हणून जुन्या मजकुराचा कॉपीराइट मिळत नाही. जी पानं त्यांना लिहायची नव्हती त्या पत्त्यांना सरळ 'हे पान आता नाही' असं उत्तर दिलं. सगळे जुने पत्ते मुखपृष्ठावर वळवायचा मोह होतो, पण गूगल ते न सापडलेलं पानच धरतं आणि माणूसही वैतागतो. बऱ्याच महिन्यांनी ॲडसेन्स लागलं. आज त्यातून जे येतं त्यात घर चालत नाही, पण डोमेन, होस्टिंग, माती, रोपं निघून वर उरतं. आणि वाचक आता नावामुळे येत नाहीत, बाईंमुळे येतात.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. एक्स्पायर झालेलं नाव घेतलं की त्या पत्त्यावरचे मेलही तुझ्याकडे येऊ शकतात. जुन्या मालकाच्या बँकेचे, ग्राहकांचे, पासवर्ड बदलायच्या दुव्यांचे. 'येणारं सगळं एकाच पेटीत' ही सोय कधीही चालू करू नकोस. डीएनएसमध्ये, म्हणजे नावाच्या तांत्रिक नोंदींत, मेलची नोंद ठेवूच नकोस. कुतूहल म्हणून सुद्धा नाही. ती दुसऱ्याची पत्रं आहेत.

ॲडसेन्सविषयी थोडक्यात. कोऱ्या, बांधकाम चालू असलेल्या किंवा नुसत्या दुव्यांच्या पानावर ते चालत नाही. एका माणसाला एकच खातं, त्यामुळे आत्तेभावाच्या नावाने दुसरं काढून स्वतः चालवायची युक्ती नको. स्वतःच्या जाहिरातीवर क्लिक करायचा नाही आणि मित्रांनाही सांगायचा नाही. मराठी मजकुराला ते चालतं. कमाई १० डॉलरला पोचली की पत्त्याच्या पडताळणीसाठी पिन पोस्टाने येतो, तेव्हा सेक्टर आणि घर क्रमांक नीट लिही. १०० डॉलर झाल्याशिवाय पैसे सुटत नाहीत. परदेशी कंपनीकडून डॉलरमध्ये येणारं हे व्यवसायाचं उत्पन्न आहे, आयकराच्या विवरणात दाखवायचं. तू बी.कॉम. आहेस, बिलं पहिल्या दिवसापासून जपून ठेव आणि जीएसटीचं एखाद्या सीएला एकदा विचारून घे.

आता ती दोन नावं. एक माळव्याच्या पाककृतींचं आहे. त्याचा इतिहास स्वच्छ दिसतो, मधे उडी नाही, आणि दोन वर्तमानपत्रांतून दुवे आहेत. दुसरं जुन्या स्कूटरच्या दुरुस्तीचं आहे, तुझे वडील गॅरेज चालवतात असं तू लिहिलं आहेस म्हणून मी ते बाजूला काढलं. पाककृतींच्या नावावर लिलाव चालू आहे आणि बोली चढते आहे. जाऊ दे ते. तुझ्या घरात त्या विषयावर लिहिणारं कोणी आहे का, हे तू सांगितलेलं नाही. स्कूटरचं नाव मात्र गळून मोकळं पडलं आहे, साध्या नोंदणीच्या भावात मिळेल. तेवढं एक घे, आत्तेभावाचे बाकीचे पैसे परत कर, होस्टिंगवर कोरं पान ठेव आणि तीन आठवड्यांचा लॉग मला पाठव. लोक कोणती पानं मागतात ते बघू, आणि त्यातल्या पहिल्या पाचांची उत्तरं वडिलांना गॅरेजमध्येच विचारून, हात काळे असतानाचे फोटो काढून, लिहायला घे.